गोदेच्या उतारावरचे नगर

एखादे जुने शहर पाहायचे तर आधी त्याची नदी पाहावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. किल्ला राजाच्या मर्जीने उभा राहतो, देऊळ भक्ताच्या. पण शहर कोठे वसावे हे बहुधा पाणी ठरवते. आणि नदी पाहायची ती दोन तऱ्हांनी. थोडी पाण्यावरून, थोडी काठाकाठाने. म्हणजे थोडी नावेने आणि थोडी सायकलने. मोटारीतून नदी दिसत नाही, मंडळी. पूल तेवढा दिसतो.

थायलंडात, म्हणजे जुन्या सयाम देशात, अयुथ्या नावाचे एक पुराणे शहर आहे. नाव ऐकताच आपल्या अयोध्येची आठवण होते, आणि ती रास्तच आहे. कारण ते नाव तिच्यावरूनच घेतलेले आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक अशा तीन नद्यांच्या पाण्याने वेढलेल्या बेटावर १३५१ साली ही राजधानी वसली, आणि १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती जाळून उद्ध्वस्त केली. आज तेथे जाणारे प्रवासी भाड्याची सायकल घेऊन बेटावरचे भग्न विहार पाहतात आणि नावेत बसून बेटाला प्रदक्षिणा घालतात. हे शहर मोठे झाले ते समुद्रातली जहाजे नदीतून थेट त्याच्या दारापर्यंत येत म्हणून. पोर्तुगीजांचा वकील १५११ साली तेथे पोचला. मागाहून डच, जपानी, फ्रेंच आले आणि ज्याने त्याने नदीकाठी आपापली वस्ती केली.

आता तुम्ही विचाराल, की आपल्याकडे असे नदीवरचे पुरातन नगर कोणते? जामखेडकरांना त्यासाठी फार दूर जायला नको. बालाघाटाची रांग ओलांडून उत्तरेला गेले की गोदावरी लागते आणि तिच्या पलीकडच्या काठावर पैठण. जुने प्रतिष्ठान. पैठण आपल्याला ठाऊक असते ते नाथमहाराजांचे, नाही तर पैठणीचे. परंतु एकनाथांच्या आधी दीड हजार वर्षे ही सातवाहन राजांची राजधानी होती आणि तिचे नाव ग्रीक व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. ते पैठण आपण आज पाहणार आहोत.

वाटेची एक गंमत आधी सांगतो. जामखेडच्या शिवारात पडलेला पाऊस विंचरणेतून सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जातो. तोच पाऊस शेजारच्या पाटोदा तालुक्यात डोंगराच्या पलीकडे पडला, की सिंदफणेतून गोदावरीला मिळतो. म्हणजे बालाघाटाचा माथा ओलांडताना तुम्ही नुसता घाट चढत नाही. एका नदीचे राज्य सोडून दुसरीच्या राज्यात जाता. शाळामास्तरांनी हे मुलांना नकाशावर दाखवण्यापेक्षा माथ्यावर उभे करून दाखवावे.

शेवगावपर्यंत वाहनाने या. तेथून पैठण पंचवीस-तीस किलोमीटर. येथे सायकल काढा. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना काळी जमीन. घोटणला मल्लिकार्जुनाचे जुने दगडी देऊळ आहे, तेथे पाणी पिऊन पुढे निघा. आणि पुलावर आलात की खाली उतरा.

येथे जरा थांबून विचार करायचा आहे. अयुथ्येसारखी पैठणच्या घाटालाही जहाजे लागत असतील, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते. मला ते पटत नाही. गोदावरी पावसाळ्यात दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात तिच्यात डबकी राहत, ही तिची मूळची रीत, धरणाच्या आधीची. अशा नदीवर समुद्राकडून मोठी गलबते वर कशी येणार? मग हे नगर येथे का झाले? माझे उत्तर एका शब्दात आहे: उतार. नदी कोठे उतरून जाता येते याला आपल्या भाषेत हा शब्द आहे, आणि उन्हाळी-हिवाळी गाडीबैल पाण्यातून पार न्यायचे, पावसाळ्यात नाव घालायची, अशी जागा फार मोलाची असते. वाट तेथे अडते, माणसे खोळंबतात, गाड्या सुटतात, बाजार भरतो. अयुथ्या मोठे झाले ते नदीतून येणाऱ्यांमुळे. पैठण मोठे झाले, असे मी मानतो, ते नदी ओलांडणाऱ्यांमुळे.

ह्याला पुरावा काय? पुरावा परदेशी माणसाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाराचे नाव कोणालाच माहीत नाही. पण माणूस हिशेबी होता. तो सांगतो, की भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर. पैठणहून सुलेमानी अकीक जातीचे खडे पुष्कळ येतात, तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल. हा माल भडोचला कसा येई? नावेने नव्हे. गाड्यांवर घालून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून.

हिशेब करून पाहा. बैलगाडीची मजल रोजची सहा-सात कोस धरली, तर वीस दिवसांत एकशेवीस ते एकशेचाळीस कोस होतात. कोसाला दोन मैल, म्हणजे चारशे किलोमीटरांच्या आसपास. पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर भरते. डोंगरातली वळणे मिळवली की त्या अनामिक व्यापाऱ्याचा आकडा चांगलाच जुळतो. ज्यांच्या घरी अजून बैल आहेत त्यांना हे गणित माझ्यापेक्षा चांगले कळेल. आणि ते अकीकाचे खडे? गोदेच्या नि प्रवरेच्या गोट्यांत अजून सापडतात. धातू ठाऊक नव्हता तेव्हाचा माणूस त्यांचीच हत्यारे करी.

दुसरा पुरावा त्याहून गोड आहे. ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेकडे निघाले. त्यांच्या वाटेवरची गावे कवीने ओळीने सांगितली आहेत: आधी पतिट्ठान, म्हणजे पैठण, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती आणि पुढे. दक्षिणेतून उत्तरेत जाणारा हा हमरस्ता, आणि त्याचे पहिले नाके पैठण. आता यातले साकेत म्हणजेच अयोध्या. जिच्या नावावरून सयामातले ते शहर वसले. थायलंडातले भिक्षू आजही पाली ग्रंथ शिकतात, त्यामुळे आपल्या पैठणचे नाव चाओ फ्रायाच्या काठी पोथीत आहे. पैठणला मात्र ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

पुलावर पुष्कळ वेळ झाला. आता गावात जा, सायकल कोठे तरी लावा आणि घाटावर उतरा. नागघाट विचारला की कोणीही दाखवील. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले ती जागा म्हणून लोक तेथे हात जोडतात. पाणी असेल आणि एखादा कोळी नाव घालायला तयार असेल तर घटकाभर पाण्यात जा आणि गावाकडे तोंड करून बसा. काठावर घरे उंचावर दिसतात. ती उंची सगळी देवाने केलेली नाही, माणसानेही केलेली आहे. माती-विटांची घरे पडली, त्यांच्यावर नवी उठली, तीही पडली; असे शतकानुशतके होत गाव आपल्याच मातीवर वर चढत गेले. घाटाचे दगड संपून जेथे उघडी दरड लागते तेथे नजर ठेवा. राखेचा पट्टा, विटांचे तुकडे, खापऱ्या, पुन्हा पांढरी माती, असे थर नदीकाठच्या जुन्या गावांच्या दरडीत दिसतात. नावेतून ते जसे दिसतात तसे वरून चालताना दिसत नाहीत.

आपल्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. ही पांढरी म्हणजे आपल्या पूर्वजांच्या घरांची राख नि माती. गावोगाव सांगतात, की येथे पूर्वी मोठी नगरी होती, ती पापाने पालथी झाली. पालथी कोणी केली नाही, बरं का. ती जागच्या जागी खाली राहिली आणि आपण वर आलो.

पैठणची दुसरी कथा शालिवाहनाची. कुंभाराच्या घरी वाढलेल्या पोराने मातीचे सैन्य केले, त्यात प्राण फुंकला आणि शत्रूला पळवले, असे आपण गुढीपाडव्याला ऐकतो. इतिहास म्हणून ती टिकत नाही. शक इसवी सन ७८ पासून मोजतात, तो सातवाहनांनी सुरू केला असे दिसत नाही. जुन्या लेखांत तो शकांच्या क्षत्रपांनी वापरलेला आढळतो आणि शालिवाहनाचे नाव त्याला फार मागाहून चिकटले. पण सातवाहनकाळच्या गावांच्या पांढरीतून भाजक्या मातीची चित्रे, माणसे, घोडे निघत असतात. नांगराच्या फाळाला असला मातीचा शिपाई लागल्यावर शेतकऱ्याने त्याची गोष्ट केली असेल तर नवल काय?

खरे राजे मात्र गोष्टीतले नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी पैठणच्या राजाचे नावसुद्धा देतो. ते ग्रीक उच्चारात वेडेवाकडे झाले आहे, पण ते श्रीपुळुमावीचे आहे. आणि राजांपेक्षा मला जवळचा वाटतो तो मितदेव. पैठणचा अत्तर-सुगंधाचा व्यापारी. पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर त्याने दान दिल्याची नोंद कोरलेली आहे. पाटील, सावकार, कुलकर्णी यांची नावे देवळाच्या पायऱ्यांवर असतात ना, तसेच हे.

पैठणच्या पांढरीत खोदकाम फार थोडे झाले. १९४७-४८ पर्यंत शेवगावच्या उत्तरेची गोदावरी ही नगर जिल्हा आणि निजामी मुलूख यांची हद्द होती. त्यामुळे पैठणला पहिली कुदळ मारली ती हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने, १९३० नंतरच्या दशकात. आणि अलीकडच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि त्यांचे सहकारी आले. नेवाशाच्या टेकाडात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. पैठणला पुढे १९९० नंतरच्या दशकात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून खोदले, विटांच्या जुन्या मंदिरांचे अवशेष उजेडात आणले, आणि त्याचा सविस्तर अहवाल यायला २०२० साल उजाडले. खोदणार तरी किती? वर माणसे राहतात. जिवंत गावाची हीच अडचण असते. अयुथ्या एकदा जळाले म्हणून उघडे राहिले. पैठण कधी ओस पडलेच नाही.

तरी उघड्या शहराचेही सगळे टिकत नाही. १७८२ नंतर बँकॉक ही नवी राजधानी बांधताना अयुथ्येच्या पडक्या भिंतींच्या विटा नावांत भरभरून खाली नेल्या. आपल्याकडे विटा गेल्या घरांच्या पायात आणि पांढरी माती गेली धाब्यांवर नि शेतात. कोणाला दोष द्यावा? गरिबाला माती हवी होती आणि ती फुकट होती. आता मात्र तिला यंत्र लागले आहे. जे टेकाड दोन हजार वर्षांत झाले ते खोदयंत्राने चार दिवसांत भरून जाते.

पैठणच्या लगत वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब. त्या पाण्याने मराठवाड्याची तहान भागवली, हे कोणी नाकारू नये. त्याच पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली, आणि गावाबरोबर त्याची पांढरीही गेली. दुष्काळी उन्हाळ्यात नाथसागर खाली गेला की देवळांचे कळस आणि घरांची जोती वर येतात. विस्थापितांतले म्हातारे तेव्हा आपले दार शोधायला जातात. तेथे एखादा मास्तर वही-पेन्सिल घेऊन गेला, कोणते गाव, कोणते देऊळ, जोत्याला दगड कोणता, विटांची लांबी-रुंदी किती, एवढे जरी टिपले, तरी पुष्कळ झाले. पाऊस पडला की ते पान पुन्हा मिटते.

तुमच्या स्वतःच्या पांढरीतही पहिल्या पावसानंतर फिरून पाहा. शिशाचे किंवा मिश्रधातूचे लहानसे नाणे, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकासारख्या चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळे, असे सापडले तर ते सातवाहनांचे असण्याचा संभव फार. चिंचेने घासू नका, अक्षरे जातात. आणि नाण्यांचे मडके सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सोनाराकडे गेलेले नाणे वितळते आणि त्याबरोबर त्यावरचा राजाही.

पैठणला बाळासाहेब पाटलांनी जमवलेल्या वस्तूंचे सरकारी संग्रहालय आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुऱ्यांच्या संग्रहाचे. दोघेही आपल्याच गावात राहून दगड-खापऱ्या गोळा करणारे. तेरच्या संग्रहात एक हस्तिदंती बाहुली आहे. तशीच एक इटलीत पाँपेई येथे १९३८ साली मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे ती बाहुली त्याआधी तिकडे पोचलेली.

एकनाथ षष्ठीच्या गर्दीत हे पाहायला जाऊ नका. यात्रेला यात्रा म्हणून जा. दिवाळीनंतर जा, तेव्हा ऊन कमी असते आणि नाथसागरावर परदेशी पाखरे उतरलेली असतात. दुसरा दिवस हाताशी असेल तर काठाकाठाने आपेगावापर्यंत सायकल न्या. ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे गाव ते, पैठणच्या खाली. वाटेत दर दोन-चार गावांना नदीकडे उतरणारी जुनी गाडीवाट अजून ओळखू येते. खोल गेलेली, दोन्ही बाजूंना बाभळी. तेथल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा, की पूल नव्हता तेव्हा उतार कोठे होता. तो हात करून जागा दाखवील.