बेंचवरचा रॉकी ब्रिजेस

आजची गोष्ट अमेरिकन बेसबॉलची. हिरो मात्र स्टार नाही.

रॉकी ब्रिजेस, इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ फिल्डिंग करणारा. १९५१ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या लीगमध्ये आला, पण त्याच्या जागांवर आधीच पी वी रीस आणि जॅकी रॉबिन्सन! मग सुरू झाली फिरती: ११ सीझन, ७ टीम. बॅटिंग ॲव्हरेज ०.२४७, म्हणजे चारात जेमतेम एक हिट. १९५८ मध्ये ऑल-स्टार टीममध्ये नाव आलं, तर तिथेही मॅचभर बेंचवरच.

१९६१ नंतर खेळणं थांबलं. पुढे तो मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, मॅनेजर झाला. तिथली गंमत अशी, की पोरगा चमकला की वरची टीम त्याला उचलून नेते. तुमची टीम लंगडी होते, पण काम फत्ते! रॉकीने हे वीसएक सीझन केलं. मोठ्या लीगचा मॅनेजर तो कधीच झाला नाही.

मी आयटीत आहे. प्रमोशनची लिस्ट आली की आधी स्वतःचं नाव शोधतो. मी ज्यांना काम शिकवलं त्यांची नावं आजवर कधी शोधलीच नाहीत. तुम्ही शोधता का? विचार करा. भेटू पुढच्या एपिसोडला!