केमोथेरपीतील त्वचा, केस व नखांची निगा

झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारणे हे केमोथेरपीचे काम. केसांच्या मुळांतील आणि नखांच्या बुडातील पेशीही तशाच, म्हणून त्यांनाही तडाखा बसतो. बहुतेकदा पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. उपचार संपल्यावर केस परततात, कधी चक्क कुरळे होऊन.

डोके गार ठेवले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. या तत्त्वावरच्या शीतटोपीला अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये मान्यता मिळाली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टोपी घातलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांचे केस टिकले. न घातलेल्यांपैकी एकीचेही नाही. मात्र रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत.

डोसेटॅक्सेल या औषधाने नखे काळवंडतात, सैल होतात. तिथे गोठवलेले हातमोजे उपयोगी पडतात.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. यावर दिल्लीच्या एम्समधील चाचणीत स्वस्त, घरोघरी असणारे डायक्लोफेनॅक जेल कामी आले : मध्यम वा तीव्र त्रासाचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर उतरले.

बाकी निगा साधीच. कोमट पाणी, बिनवासाचे मलम, ऊन टाळणे, नखे आखूड ठेवणे. नखाखाली पू दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.