मुंबई परिसराची बारा दृश्ये

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–१७९५) याच्या निसर्गदृश्यांचा मुद्राचित्रसंच. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. १७९१-९२ मधील त्याच्या रेखाटनांवरून केलेला हा संच १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, लेण्यांची रेखाटने चालू असताना त्याचे ठाण्यात निधन झाले.

शांत पाणी, दूरचे डोंगर आणि मोकळे आकाश यांमुळे ही चित्रे जुन्या, निवांत मुंबईचा पुरावा मानली जातात. हा निवांतपणा मात्र भूगोलापेक्षा राजकारणाचा परिणाम आहे. संचात शीव किल्ल्यावरून दिसणारा देखावा आहे. हा किल्ला सरहद्दीवरची चौकी म्हणून बांधला गेला. खाडीपलीकडचे साष्टी बेट आधी पोर्तुगिजांकडे, तर १७३७ पासून मराठ्यांकडे होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली आणि शिवेची तटबंदी चित्रकाराला देखावा न्याहाळण्याची जागा ठरली.

यावर असे म्हणता येईल, की त्या वर्षांत येथे खरोखरच शांतता होती, मग चित्रकाराने वेगळे काय दाखवायचे? शांतता होती हे खरे. पण सरहद्द मिटली नव्हती, ती ठाण्याच्या खाडीपर्यंत सरकली होती. पलीकडचे कल्याण १८१७ पर्यंत पेशव्यांकडेच राहिले. चित्रांतील स्वस्थता या नव्या सरहद्दीच्या अलीकडची, म्हणजे जिंकणाऱ्याच्या बाजूची आहे. दुसरा आक्षेप अचूकतेचा: डोंगरांच्या रेषा बरोबर असतील, तर चित्र खोटे कसे? रेषा आणि भाव यांची सत्यता वेगवेगळी तपासावी लागते. उदाहरणार्थ, हंगेरीचा कारोय मार्को (१७९१–१८६०) चित्रकार होण्याआधी अभियंता होता. तरी डॅन्यूबकाठच्या विशेग्राद किल्ल्याचे अवशेष त्याने रंगवले ते निसर्गचित्रकार क्लोद लोरँच्या परंपरेतल्या सौम्य उजेडात. मोजमापाची शिस्त आणि रम्यतेचा संकेत एकाच चित्रात सुखाने नांदतात.

म्हणून किनारा, खाड्या व डोंगर यांच्या अभ्यासाला हा संच उपयोगी आहे. साष्टीतील रयतेच्या स्थितीचा पुरावा म्हणून तो एकटा ग्राह्य धरता येत नाही.