महाडचा पूर आधी कळू शकतो का? जलशास्त्रीय मॉडेल कसं काम करतं?

पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या नद्यांच्या पातळीचा तक्ता रोज निघतो. त्यात महाडजवळ सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर दिलेली असते. मध्ये फक्त अर्धा मीटर. बाजारपेठेतल्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायला किती वेळ मिळेल, हे या अर्ध्या मीटरवर ठरतं. नदी चढायच्या आधीच अंदाज मिळावा म्हणून जलशास्त्रीय मॉडेल वापरतात.

मॉडेल म्हणजे नदीखोऱ्याचा गणिती हिशेब. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, उरलेलं पाणी किती वेळात नदीत आलं आणि त्यामुळे पातळी कुठे किती वाढली, हे संगणक क्रमाने काढतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं एचईसी-एचएमएस हे यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. अवघड भाग असतो तो स्थानिक आकड्यांचा.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दर चौरस किलोमीटरवर ५९ कोटी लिटर. जुलैअखेर जमीन आधीच चिंब असते, त्यामुळे मुरणारं पाणी फारच कमी. जूनमधलं मुरण्याचं प्रमाण तसंच ठेवलं तर अंदाज चुकणारच.

पण महाबळेश्वरचं सगळं पाणी महाडला येत नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेला जातात, सावित्री पश्चिमेला. म्हणून मॉडेलची सुरुवात पाणलोटाची हद्द आखण्यापासून होते. पूर्वेकडे कोयनेसारखी मोठी धरणं आहेत. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाने पाऊस आणि पातळीची ताजी माहिती देणारी यंत्रणा उभारली आहे. दरवाजे कधी, किती उघडायचे हे ठरवायला तिची मदत होते. सावित्रीवर कोयनेसारखं धरण नाही. पाणी अडवता येत नाही, त्यामुळे इथे मॉडेलकडून मिळू शकतो तो वेळ. तोही फार नाही, कारण नदीची पूर्ण लांबीच सुमारे ११० किलोमीटर आहे.

त्यात खालून समुद्र. महाड हे एकेकाळचं बंदर, भरतीबरोबर गलबतं आत येत. आजही बाणकोट खाडीतून भरती वर चढते आणि पुराचं पाणी उतरायला वेळ लागतो. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण वाढत होतं. त्यामुळे इथल्या मॉडेलला पावसाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रकही द्यावं लागतं. सावित्रीला मिळणाऱ्या काळ आणि गांधारी नद्यांचा हिशेब वेगळा.

पात्राची मापंही कायम राहत नाहीत. दरडींबरोबर माती येते, गाळ साचतो, मग तो उपसला जातो. दासगाव परिसरातल्या कोकण रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबतं, ही महाडकरांची जुनी तक्रार. अशा तक्रारीवर नुसता वाद घालण्यापेक्षा मॉडेल दोनदा चालवून पाहता येतं, एकदा भरावासह आणि एकदा भरावाऐवजी खांबांवरचा पूल धरून. त्यासाठी पात्राची मोजणी मात्र ताजी हवी.

मॉडेल फक्त पुरासाठीच नसतं. रोह्याच्या कुंडलिकेत उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं, म्हणजे मुळात भीमा खोऱ्यातलं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून इकडे सोडलं जातं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. या नदीच्या मॉडेलमध्ये फक्त पाऊस भरला तर मे महिन्यात ती कागदावर जवळपास कोरडी दिसेल. म्हणून इथे वीजनिर्मितीच्या वेळाही नोंदवाव्या लागतात.