गावच्या टाकीला ऑटोमॅटिक क्लोरीन: फायदा काय आणि लक्ष कशावर ठेवायचं?

शेतातल्या मोटारीला ऑटो स्टार्टर आपण कधीच बसवला. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकायचं काम मात्र बऱ्याच गावांत अजून हातानंच चालतं. लाईट रात्री दोनला आली तर टाकीवर कोण चढणार? मग एक दिवस पावडर पडतच नाही, दुसऱ्या दिवशी पाण्याला नुसता वास. पावसाळ्यात अशा बिनक्लोरीनच्या पाण्यानंच गावात जुलाबाची साथ पसरते.

डोसिंग पंप मोटारीला जोडला की मोटारीबरोबर तोही चालू होतो आणि क्लोरीनचं द्रावण ठरलेल्या प्रमाणात पाण्यात सोडतो. मोटार थांबली की तोही थांबतो. सोबत फ्लोट स्विच असला तर टाकी भरल्यावर मोटार आपोआप बंद. पाणी वाहून जात नाही, लाईटबिलही वाचतं.

पण द्रावण माणसालाच भरावं लागतं, हे ठेकेदार सांगत नाही. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं की त्याचा जोर जातो. त्यामुळे ओटी टेस्ट रोज हवीच, तीही टाकीजवळ नको, शेवटच्या घराच्या नळाला. तिथं लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. थेंब टाकून पाणी पिवळं झालं नाही तर जलसुरक्षकाला लगेच कळवा.