आजोबांच्या वहीतील एक शब्द

युद्धाचा इतिहास आपण शिकतो तो बहुधा सेनापतींच्या नावांनी आणि तहांच्या तारखांनी. मीही कित्येक वर्षे वर्गात तो तसाच शिकवीत आलो. परंतु एक सैन्य माघार घेते आणि दुसरे परके सैन्य येते, तेव्हा मागे राहिलेल्या सामान्य माणसाने कसे वागावे, हा प्रश्न मला पडला तो निवृत्तीनंतर, घरातील जुनी ट्रंक उघडताना. तिच्या तळाशी माझ्या आजोबांची एक वही होती.

आजोबा मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेऊन मलायात गेले आणि तेथील एका रबराच्या मळ्यावर डॉक्टर म्हणून राहिले. मळ्यावरील मजूर बहुतेक तामिळ. 8 डिसेंबर 1941 रोजी जपानी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले. गोरे मळेवाले निघून गेले किंवा कैदेत पडले. आजोबा मात्र रोग्यांपाशीच राहिले. घरी पत्रे येणे बंद झाले. 1946 साली ते परतले, तेव्हा ‘जपान्यांची चाकरी करून आलेले डॉक्टर’ अशी कुजबुज भावकीत सुरू झाली. त्यांनी तिचा कधीही खुलासा केला नाही.

लष्करी डॉक्टरचा माग काढणे सोपे असते. त्याची पलटण असते आणि पलटणीचे दप्तर असते. मुलकी डॉक्टरचे तसे नाही. जुने सरकार गेले की त्याची नोंद तेथेच थांबते. आणि नव्या सरकारने, म्हणजे जपान्यांनी, 1945 च्या ऑगस्टात शरणागतीच्या वेळी आपले बरेचसे कागद जाळून टाकले. म्हणून मी वहीतील तारखा आणि गावे घेऊन ती ज्ञात इतिहासाशेजारी मांडली.

वही 1943 च्या मे महिन्यात सुरू होते आणि तिच्यात बानपोंग, कांचनबुरी, नीके ही नावे येतात. ही सयाममधील, म्हणजे आजच्या थायलंडमधील, स्थळे. आणि त्यांना जोडणारा धागा एकच, सयाम-ब्रह्मदेश लोहमार्ग. हा 415 किलोमीटरांचा मार्ग जपान्यांनी जंगल व डोंगर फोडून बांधविला आणि 17 ऑक्टोबर 1943 रोजी त्याची दोन्ही टोके जुळली. सुमारे 60 हजार युद्धकैदी त्यावर राबले व त्यांतील 12 हजारांवर मेले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यांच्याहून कितीतरी अधिक आशियाई मजूर तेथे होते. एकट्या मलायातून सुमारे 78 हजार नेले गेले, त्यांत तामिळांचा भरणा मोठा. एकूण मृत मजूर अंदाजे 90 हजार. मळ्यांवरील मजुरांबरोबर मलायातील काही डॉक्टरही नेण्यात आले. आजोबा त्यांतले.

ही वही म्हणजे रोजनिशी नव्हे. तिच्यात चारच रकाने आहेत: तारीख, क्विनाईन, कामावर, गेले. त्या काळी जगातील बहुतेक क्विनाईन जावा बेटातून येई, आणि जावा मार्च 1942 पासून जपान्यांच्याच हाती होते. तरीही वहीतील क्विनाईनचा रकाना आठवडेच्या आठवडे कोरा आहे. जूनमध्ये पावसाबरोबर पटकी आली. कैद्यांच्या छावण्यांत त्यांचे अधिकारी पाणी उकळून पिण्याची सक्ती करीत. मजुरांच्या छावण्यांत असे सांगणारे फारसे कोणी नव्हते. त्या महिन्यात ‘गेले 11’, ‘गेले 19’ असे आकडे दिसतात.

पण पटकी ओसरल्यावरही, सप्टेंबरात, ‘गेले’ चालूच राहते. येथे मी पुष्कळ दिवस अडलो. मराठीत मेलेला माणूस जातो आणि पळालेला माणूसही जातो. युद्धानंतरच्या मोजणीत मलायाच्या मजुरांपैकी वीस हजारांवर पळून गेल्याची नोंद आहे. मेलेल्याचा शोध कोणी करीत नाही, पळालेल्याचा करतात. आजोबांनी हा दुहेरी शब्द जाणून योजिला असावा, असे मला वाटू लागले आणि मन आनंदाने भरून आले.

तथापि तिसरा रकाना मी झाकून ठेवू शकत नाही. कामावर इतकी माणसे हवीत, असा हुकूम रोज येई, आणि ती संख्या डॉक्टरलाच भरून द्यावी लागे. पटकीच्या ऐन भरातही ‘कामावर’चा आकडा फारसा उतरलेला नाही. म्हणजे उभे राहता न येणारी माणसेही आजोबांनी रुळांवर धाडली. काहींना सोडविण्यासाठी काहींना पाठवावे लागले, की केवळ भीतीने हात चालला, हे रकाने सांगत नाहीत. दोन्ही रकान्यांतील अक्षर एकच आहे.

म्हणून भावकीची कुजबुज खोटी होती असे मी म्हणत नाही. ती अपुरी होती. परक्या अंमलाखाली रोग्यापाशी राहावयाचे, तर राज्यकर्त्याच्या दारातूनच जावे लागते, आणि त्या दाराचे डाग अंगाला लागतात. आजोबांनी ते पुसण्याचा प्रयत्न केला नाही. वही मात्र जपून आणली.

कांचनबुरीस युद्धकैद्यांचे दफनस्थान आहे. तेथे सुमारे सात हजार थडगी ओळीने उभी आहेत व बहुतेकांवर नावे आहेत. मजुरांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. आजोबांच्या वहीतही त्यांची नावे नाहीत, आकडेच आहेत. त्या आकड्यांची बेरीज मी अद्याप केलेली नाही. बेरीज करताना मेलेले आणि सुटलेले एकत्र धरावे लागतील, आणि ते माझ्याने होत नाही.