ओढण्याच्या आकड्यांची गोष्ट

पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा अशा गाडीला आपण पिकअप म्हणतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1925 मध्ये आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच असा हौदा बसवून विकायला सुरुवात केली. पुढे या गाड्यांना 'अर्धा टन', 'पाऊण टन', 'एक टन' अशी नावे पडली. अमेरिकी अर्धा टन म्हणजे 1,000 पौंड, सुमारे 454 किलो. नाव आजही टिकून आहे. पण आजच्या 'अर्धा टन' गाड्या बहुधा त्याहून पुष्कळ जास्त ओझे वाहतात.

ओझे पाठीवर वाहणे आणि मागे ओढणे यांत मोठा फरक आहे. हौद्यातले सारे वजन स्प्रिंग, आस आणि टायर यांच्यावर येते. ओढताना ट्रेलरचे बहुतेक वजन त्याची स्वतःची चाके पेलतात. सपाट डांबरी रस्त्यावर 3,000 किलोचा ट्रेलर सावकाश ओढायला साधारण 30 ते 45 किलो वजनाइतके बल पुरते. शंभर मीटरला पाच मीटर चढ लागला, की त्यात आणखी 150 किलोची भर पडते. म्हणजे ट्रेलर तोच, पण बल चार ते सहा पट! उतारावर तेवढाच भार गाडीला पुढे ढकलतो आणि ब्रेक तापतात.

ट्रेलरचा थोडा भार गाडीच्या हुकावरही येतो. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. माल पुढे फार झाला तर जू मानेवर दाबते, मागे फार झाला तर गाडी उलाळ होते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हुकावर यावा लागतो, नाहीतर तो वेगात डोलू लागतो. 4,000 किलोच्या ट्रेलरचे हे 400 किलो गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतात. जाहिरातीतला ओढण्याचा मोठा आकडा पाहून गाडीत माणसे आणि सामानही भरले, तर मर्यादा नकळत ओलांडली जाते.

मग हा मोठा आकडा ठरवायचा कोणी? पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरवी. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करणे म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांनी उंची मोजण्यासारखे होते. 2008 मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-2807 हे मानक प्रसिद्ध केले. त्यातली एक कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या घाटरस्त्यावरून बेतलेली आहे. चढ सुमारे 18 किलोमीटरचा, हवा किमान 38 अंश सेल्सिअस, वातानुकूलन पूर्ण चालू आणि तरीही मागे दोनच चाके असलेल्या पिकअपचा वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली येता कामा नये. शिवाय 12 टक्के चढावर उभी गाडी पुन्हा पुन्हा हलवून दाखवायची.

मानक पाळण्याची सक्ती नव्हती. टोयोटाने 2011च्या टुंड्रा गाडीसाठी ते प्रथम स्वीकारले, तेव्हा तिचे जाहीर आकडे काहीशे पौंडांनी उतरले. गाडी अशक्त झाली नव्हती, फक्त मोजणी कडक झाली होती. इतर मोठ्या कंपन्या 2015च्या सुमारास या वाटेने आल्या. कमी आकडा आधी जाहीर करण्यात विक्रीचा तोटा होता, म्हणून इतकी वर्षे गेली.

वर्गात बल शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. कोणत्याही क्षमतेचा आकडा समोर आला, की विद्यार्थ्यांनी आधी विचारावे: तो मोजला कोणत्या परिस्थितीत?